बायोप्सी रिपोर्टमधला पी५३ : कसा वाचायचा, काय विचारायचं

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट येतो, त्यात कॅन्सर आहे की नाही ते लिहिलेलं असतं. मग डॉक्टर सांगतात, ‘आयएचसीला पाठवलंय, आठवडाभर थांबू.’ त्यानंतर येणारा दुसरा कागद घरच्यांना पहिल्यापेक्षा जास्त गोंधळात टाकतो. पी५३ पॉझिटिव्ह. एमएलएच-१ रिटेन्ड. पी१६ निगेटिव्ह. घरातला शिकलेला पुतण्या मोबाइलवर शोधतो, पी५३ हे कॅन्सरपासून वाचवणारं प्रथिन आहे असं वाचतो आणि सगळ्यांना धीर देतो की बरं झालं, पॉझिटिव्ह आलं. शेजारच्या घरातली मुलगी हाच शब्द वाचून रडायला लागते. दोघांपैकी कोणाचं बरोबर, हे त्या एका शब्दावरून सांगताच येत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या कागदाबद्दल आहे. त्यातली बरीचशी नावं ‘ट्यूमर सप्रेसर’ म्हणजे गाठ होऊ न देणाऱ्या प्रथिनांची असतात. या प्रथिनांबाबत ‘दिसतंय’ म्हणजे चांगलं आणि ‘दिसत नाही’ म्हणजे वाईट असा सरसकट नियम लावता येत नाही. प्रत्येकाचा हिशेब निराळा असतो, आणि तपासलेला नमुना गाठीचा आहे की रक्ताचा, यावर तो पुन्हा बदलतो. एवढं ध्यानात ठेवून डॉक्टरांसमोर बसलात तर दहा मिनिटांच्या भेटीतून बरंच काही हाती लागेल.

थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे प्रश्न कळणार नाहीत. पेशीने कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणारी यंत्रणा पेशीतच असते. १९६९ साली ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस यांनी उंदराच्या कॅन्सर-पेशी साध्या पेशींशी जोडून पाहिल्या, तर जोडपेशींची गाठ तयार करण्याची ताकद दबली. म्हणजे निरोगी पेशीत वाढ रोखणारं काहीतरी होतं आणि कॅन्सर-पेशीने ते गमावलं होतं. दोन वर्षांनी ह्यूस्टनमध्ये आल्फ्रेड नडसन यांनी रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरचे ४८ रुग्ण तपासून त्याचं गणित मांडलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. रोखणारं जनुक निकामी व्हायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. ज्या मुलाच्या साऱ्या पेशींत जन्मतःच एक प्रत बिघडलेली असते, त्याला पुढे एकच बिघाड पुरतो. म्हणून त्याला आजार लवकर होतो, बरेचदा दोन्ही डोळ्यांत. बाकीच्या मुलांमध्ये एकाच पेशीत दोन्ही बिघाड घडावे लागतात. त्यांना आजार उशिरा होतो आणि एकाच डोळ्यात. ते जनुक, आरबी-१, १९८६ साली प्रत्यक्ष सापडलं.

नडसन यांचं हे गणित आज तुमच्या फाइलमध्ये उतरलेलं आहे. एकाच जनुकाचं नाव दोन वेगळ्या कागदांवर येऊ शकतं. गाठीच्या रिपोर्टमध्ये ते आलं तर बिघाड गाठीत आहे, आणि बहुतेक वेळा तो तिथेच सुरू होऊन तिथेच राहतो. रक्ताच्या किंवा लाळेच्या आनुवंशिक तपासणीत ते आलं तर बिघाड जन्मापासून शरीरभर आहे आणि भावंडांचा, मुलांचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे कुठलाही निष्कर्ष वाचण्याआधी कागदाच्या वरच्या भागात ‘स्पेसिमेन’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते पाहा. गाठीत टीपी५३ म्यूटेशन सापडलं म्हणून मुलाबाळांच्या तपासण्या करायला धावलेली कुटुंबं असतात. त्यांपैकी बहुतेकांना तशी गरज नसते.

पी५३ : जास्त दिसलं तरी बिघाड, अजिबात नाही दिसलं तरी बिघाड

पी५३ची कहाणी शास्त्रज्ञांनाही चकवणारी ठरली. १९७९ साली डेव्हिड लेन, आर्नल्ड लेव्हिन आणि इतर काही गटांना हे प्रथिन स्वतंत्रपणे सापडलं. कॅन्सर-पेशीत ते भरपूर दिसत होतं, म्हणून दहाएक वर्षं ते कॅन्सर घडवणारं प्रथिन मानलं गेलं. १९८९च्या सुमारास उलगडा झाला, त्यात बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाचा मोठा वाटा होता. आधीच्या प्रयोगांत वापरलेलं जनुकच बिघडलेलं होतं. खरं पी५३ कॅन्सर रोखतं. पुढे १९९२ साली लेन यांनी त्याला ‘जीनोमचा रखवालदार’ म्हटलं आणि ते नाव टिकलं. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं सापडतं.

शास्त्रज्ञ ज्या कारणाने फसले, त्याच कारणाने आज रिपोर्ट वाचणारा फसतो. निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होतं आणि एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला अर्ध्या तासाच्या आत मोडीत काढतं. त्यामुळे एरवी ते फारसं दिसत नाही. डीएनए तुटला की हे मोडणं थांबतं, पी५३ साठतं, पेशीचं विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतं. आता यातली मेख अशी, की एमडीएम-२ बनवण्याचा आदेशही पी५३च देतं. पी५३ बिघडलं की तो आदेश जात नाही, त्याला मोडणारं कोणी उरत नाही, आणि निरुपयोगी झालेलं पी५३ पेशीच्या केंद्रकात साचून राहतं.

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड टाकतात. ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग येतो, बाकी भाग निळसर राहतो. पी५३चा रंग मुख्यतः तीन तऱ्हांनी दिसतो. काही केंद्रकं गडद, काही फिकी, काही कोरी असं मिश्र चित्र असेल तर पी५३ शाबूत असल्याचं मानतात. रिपोर्टमध्ये त्याला ‘वाइल्ड टाइप’ म्हणतात. जवळपास सगळीच केंद्रकं गडद तपकिरी झाली असतील तर बिघाड. आणि कॅन्सरच्या पेशी संपूर्ण कोऱ्या, पण त्यांच्या शेजारच्या निरोगी पेशींना मात्र रंग आलेला, असं असेल तरीही बिघाडच. तिथे प्रथिन मुळात तयारच होत नाही. क्वचित रंग केंद्रकाऐवजी बाहेरच्या पेशीद्रवात येतो, तोही बिघाडातच मोजतात.

म्हणून नुसतं ‘पी५३ पॉझिटिव्ह’ किंवा ‘पी५३ निगेटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट अर्धवट समजा. मिश्र रंगाला कोणी ‘पॉझिटिव्ह’ लिहितं आणि घरचे घाबरतात. संपूर्ण कोऱ्या गाठीला कोणी ‘निगेटिव्ह’ लिहितं आणि घरचे निश्चिंत होतात. डॉक्टरांना विचारायचं ते असं : ‘पॅटर्न वाइल्ड टाइप आहे की अ‍ॅब्नॉर्मल?’ प्रयोगशाळेने ते लिहिलं नसेल तर लिहून मागता येतं. ती स्लाइड पुन्हा पाहून पुरवणी रिपोर्ट देणं हे पॅथॉलॉजिस्टच्या नेहमीच्या कामात बसतं. त्यासाठी संकोच करू नका.

हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला म्हणून तपासणी होते, गाठ लहान निघते, शस्त्रक्रियेत सगळं काढलं जातं. पूर्वी अशा बाईला ‘पहिली स्टेज’ म्हणून घरी पाठवलं असतं. या कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या फिगोच्या २०२३च्या वर्गीकरणात पी५३ची अवस्था थेट स्टेजमध्ये आली आहे. गाठ गर्भाशयापुरतीच असली, पण स्नायूच्या थरात शिरलेली असली आणि पी५३ बिघडलेलं असलं, तर ती दुसऱ्या स्टेजच्या वरच्या पायरीत मोजतात. पोर्टेक-३ या अभ्यासातल्या गाठींची अशी वर्गवारी केल्यावर दिसलं, की पी५३ बिघडलेल्या स्त्रियांपैकी केमो आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्या ५९ टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. त्यामुळे अस्तराच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये पी५३ आणि पुढे येणारी चार एमएमआर प्रथिनं यांचा उल्लेखच नसेल, तर उपचार ठरण्याआधी तो विषय काढा.

बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये पी५३चा उपयोग निदान पक्कं करण्यासाठी होतो. ‘हाय ग्रेड सीरस’ प्रकारात ते जवळपास नेहमी बिघडलेलं असतं. २०११च्या मोठ्या अमेरिकी जीनोम-अभ्यासात ९६ टक्के गाठींत बिघाड सापडला. ‘लो ग्रेड’ प्रकारात ते सहसा शाबूत असतं, आणि या दोन प्रकारांचे उपचार वेगळे आहेत. तिथे अ‍ॅब्नॉर्मल पी५३ वाचून दचकण्यात अर्थ नाही. त्या प्रकाराची ती ओळख आहे.

सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरची गोष्ट याहून तातडीची. सतराव्या गुणसूत्राच्या ज्या तुकड्यावर टीपी५३ जनुक असतं तो तुकडाच गळालेला असेल, किंवा जनुकात म्यूटेशन असेल, तर जुन्या पद्धतीची केमो नीट काम करत नाही आणि इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांचा मार्ग धरावा लागतो. इथे आयएचसी पुरत नाही. फिश ही गुणसूत्राची तपासणी आणि जनुकाचं सिक्वेन्सिंग लागतं. ते उपचार सुरू करण्यापूर्वी करायचं असतं, आणि आजार उलटला तर पुन्हा करायचं असतं, कारण मधल्या काळात हा बिघाड नव्याने आलेला असू शकतो.

तंबाखू, तोंडाचा कॅन्सर आणि पी१६चा घोळ

आपल्याकडे हा भाग वेगळा सांगायला हवा. मिश्री, गुटखा, मावा, गालात धरलेली तंबाखूची गोळी यांच्यामुळे गाल आणि हिरडीचा कॅन्सर महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतो. याच गाठींचा जीनोम भारतीय शास्त्रज्ञांनी वाचला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली संस्था आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक यांचा तो एकत्रित प्रकल्प, २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात टीपी५३ ठळकपणे बिघडलेलं होतं, आणि जोडीला कॅस्प-८, फॅट-१, नॉच-१ अशी इतर जनुकंही.

पण तोंडाच्या रिपोर्टमध्ये पी५३पेक्षा पी१६मुळे जास्त गैरसमज होतात. पी१६ हेही रोधक प्रथिनच. घशाच्या मागच्या भागात, टॉन्सिलपाशी किंवा जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर कधी कधी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्या विषाणूचं एक प्रथिन आरबीला निकामी करतं आणि आरबीने दाबून ठेवलेलं पी१६ उफाळून वर येतं. म्हणून तिथे ७० टक्क्यांहून जास्त पेशींत जोरदार पी१६ दिसलं तर गाठ एचपीव्हीची आहे असं मानतात. असा रुग्ण उपचारांना चांगली दाद देतो, त्याची स्टेजही वेगळ्या कोष्टकाने ठरते. हा नियम फक्त त्या भागापुरता आहे. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग इथल्या तंबाखूच्या कॅन्सरमध्ये पी१६ पाहून एचपीव्हीचा अंदाज बांधत नाहीत, आणि ते निगेटिव्ह आलं म्हणून आजार जास्त वाईट ठरत नाही. गालाच्या कॅन्सरसाठी पी१६ का करून घेतलं, असं विचारायला हरकत नाही. कधी त्यामागे खरं कारण असतं, कधी ते पॅकेजमध्ये आलेलं असतं.

चार नावं एकत्र वाचायची

एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये ही चार नावं आज दिसायलाच हवीत. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात, आणि ही चार प्रथिनं, म्हणजेच एमएमआर, मुद्रितशोधकासारखी त्या चुका शोधून दुरुस्त करवतात. ती गेली की चुकांचा सडा पडतो.

इथे ‘रिटेन्ड’ किंवा ‘इन्टॅक्ट’ म्हणजे प्रथिन शाबूत आणि ‘लॉस’ म्हणजे गेलेलं, इतकं सरळ आहे. गुंतागुंत जोड्यांची आहे. एमएलएच-१ गेलं की त्याच्या आधाराने टिकणारं पीएमएस-२ही जातं, आणि एमएसएच-२ गेलं की एमएसएच-६. उलट मात्र होत नाही. एकटं पीएमएस-२ किंवा एकटं एमएसएच-६ जाऊ शकतं. दोन प्रथिनं गेली म्हणून दुप्पट वाईट असा अर्थ काढू नका.

आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली असते, पण आनुवंशिक दोष, म्हणजे लिंच सिंड्रोम, सुमारे ३ टक्क्यांतच असतो. बाकीच्यांमध्ये बरेचदा वय वाढल्यावर एमएलएच-१ जनुकावर रासायनिक टोपी बसून ते मुकं झालेलं असतं, ज्याला मिथायलेशन म्हणतात. त्यामुळे एमएलएच-१ गेलेलं दिसलं तर रक्ताच्या जनुकीय तपासणीआधी गाठीवरच बीआरएएफ जनुकातल्या बदलाची किंवा मिथायलेशनची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर आनुवंशिकतेची शक्यता खूपच कमी होते आणि घरच्यांचा खर्च नि घोर दोन्ही वाचतात. एमएसएच-२, एमएसएच-६ किंवा एकटं पीएमएस-२ गेलं असेल तर मात्र आनुवंशिक सल्ला घ्यायलाच हवा.

उपचारांच्या बाजूने पाहिलं तर हा ‘लॉस’ कधी कधी रुग्णाच्या फायद्याचा ठरतो. दुसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी तुलनेने बऱ्या वागतात आणि एकट्या ५-एफयू औषधाने त्यांना फारसा लाभ होत नाही. म्हणजे एक अनावश्यक केमो टळू शकते. पसरलेल्या आजारात याच गाठी इम्युनोथेरपीला उत्तम दाद देतात, कारण चुकांनी भरलेली पेशी शरीराच्या संरक्षण-यंत्रणेला सहज ओळखू येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली पेम्ब्रोलिझुमॅबला या एका खुणेवर मान्यता दिली, कॅन्सर कुठल्याही अवयवाचा असो. २०२२ साली न्यूयॉर्कहून गुदाशयाच्या कॅन्सरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या पहिल्या १२ रुग्णांमध्ये डोस्टार्लिमॅबने गाठ पूर्ण नाहीशी झाली. त्याची वर्तमानपत्रांत ‘कॅन्सरवर रामबाण’ अशी बातमी झाली, पण ते सगळे रुग्ण एमएमआर गेलेले होते हे मथळ्यांतून सुटलं. आपल्या रुग्णाला ते औषध लागू आहे का, याचं उत्तर या चार ओळींत असतं.

बाकीची नावं भरभर सांगतो. ई-कॅडहेरिन गेलेलं असेल तर स्तनाचा कॅन्सर लोब्युलर प्रकारचा असण्याकडे कल जातो. लहान मुलाच्या मेंदूच्या किंवा मूत्रपिंडाच्या गाठीत आयएनआय-१ गेलं तर ऱ्हॅब्डॉइड प्रकारची शंका येते आणि तिथे वेळ दवडायचा नसतो. यकृतात गाठ सापडली, मूळ कुठे ते कळत नाही, आणि स्मॅड-४ गेलेलं आहे, तर स्वादुपिंडाकडे पाहतात. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये आरबी आणि पी५३ दोन्ही गेलेली असणं नेहमीचंच.

रक्ताची तपासणी : कोणाची, कधी

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही नावं आयएचसीच्या कागदावर शोधू नका. त्यांच्यासाठी जनुकच वाचावं लागतं. २०१७च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार या जनुकांत जन्मजात बिघाड असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. बीजकोशाच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए-१मध्ये ४४ आणि बीआरसीए-२मध्ये १७ टक्के. स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला, ट्रिपल निगेटिव्ह निघाला, पुरुषाला झाला, किंवा कोणत्याही वयात बीजकोशाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, तर या तपासणीचा विषय डॉक्टरांनी काढायला हवा. त्यांनी नाही काढला तर तुम्ही काढा.

यात तीन गोष्टी वारंवार चुकतात. पहिली, तपासणी आधी आजारी व्यक्तीची करायची. तिच्यात बिघाड सापडला तर नातेवाइकांमध्ये तो एकच बिघाड शोधणं सोपं आणि स्वस्त पडतं. मावशी आजारी आणि तपासली भाची, तर भाचीच्या निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ धड लागत नाही. दुसरी, वडिलांची बाजू विसरली जाते. स्तनाचा कॅन्सर म्हटलं की आजी, आई, मावशी आठवतात, पण बिघडलेली प्रत वडिलांकडूनही निम्म्या शक्यतेने येते. आत्या आणि वडिलांची आई यांचाही इतिहास लिहून न्या. तिसरी चूक, ‘व्हीयूएस’ म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल. भारतीयांच्या जनुकांची माहिती जागतिक संग्रहांत कमी असल्याने आपल्याकडे असा निकाल येण्याची शक्यता जास्त. व्हीयूएसच्या भरवशावर स्तन किंवा बीजकोश काढून टाकण्याचा निर्णय कोणीही घेऊ नये. पुढे अर्थ स्पष्ट झाला तर प्रयोगशाळा कळवेल का, हे मात्र आधीच विचारून ठेवा.

निकाल पॉझिटिव्ह आला तर करण्यासारखं बरंच असतं. बीजकोशाच्या पुढारलेल्या कॅन्सरमध्ये बीआरसीए बिघडलेल्या स्त्रियांना केमोनंतर ओलापारिब दिल्यावर सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, औषधाविना ४६ टक्क्यांच्या आसपास. निरोगी नातेवाईक स्त्रियांना तिशीच्या आत स्तनांची एमआरआय तपासणी आणि मुलं झाल्यानंतर, बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४० या वयात, बीजकोश काढण्याचा पर्याय सुचवतात. लिंच सिंड्रोम असलेल्या कुटुंबात विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. एमएसएच-६ आणि पीएमएस-२ असेल तर थोडी उशिरा. लग्न ठरायचंय म्हणून मुलीची तपासणी लपवणं किंवा टाळणं आपल्याकडे सर्रास चालतं. तो कुटुंबाचा प्रश्न आहे हे कबूल, पण बिघाड मुलग्यांतही तितकाच येतो, हे घरातल्या पुरुषांनी ऐकून घ्यावं.

टीपी५३ जन्मजात बिघडलेलं असणं, म्हणजे ली-फ्रॉमेनी सिंड्रोम, दुर्मीळ आहे. लहान वयात हाडाचा, स्नायूचा, मेंदूचा, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर आणि तिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर असं एकाच घरात दिसलं तर शंका घ्यावी. इथे वेळेवर कळणं फार मोलाचं आहे, कारण अशा रुग्णाला रेडिएशन शक्यतो टाळतात. त्यातून पुढे दुसरा कॅन्सर उद्भवण्याचा धोका वाढतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेचा बेतही त्यानुसार बदलतो.

आणि लहान मूल घरात असेल तर आरबीसाठी कुठलीही महागडी तपासणी न करता एक गोष्ट पाहता येते. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक वारंवार दिसली, किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. रेटिनोब्लास्टोमाच्या सुमारे ४० टक्के मुलांमध्ये दोष आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासायचे असतात.

विकत मिळणारी आशा

रोधक प्रथिनांच्या नावावर बाजारात बरंच काही विकलं जातं. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये सीईए, सीए-१२५ मोजतात. ती ट्यूमर मार्कर आहेत, रोधक प्रथिनं नव्हेत, आणि धडधाकट माणसात कॅन्सर शोधण्याचा तो भरवशाचा मार्गही नाही. रक्तातून कॅन्सरचा डीएनए शोधणारी ‘लिक्विड बायोप्सी’ पसरलेल्या आजारात योग्य औषध निवडायला उपयोगी पडते. निरोगी साठीच्या माणसाने हौसेने करून घेतली तर त्यात टीपी५३चा बदल सापडू शकतो, पण तो बहुधा वयानुसार रक्तपेशींत आलेला असतो, कुठल्या गाठीतला नाही. मग घाबरून स्कॅनवर स्कॅन.

‘पी५३ वाढवणारा’ काढा किंवा गोळी यावर पैसे घालवू नका. बिघडलेलं पी५३ दुरुस्त करण्याचे प्रयत्न जगातल्या उत्तम प्रयोगशाळांनी केले आहेत. चीनने २००३ साली पी५३चं जनुक विषाणूमार्फत गाठीत सोडणारं जेंडिसिन हे इंजेक्शन मान्य केलं. अमेरिकेत ते आजवर मान्य झालेलं नाही. एप्रेनेटापॉप्ट या औषधाकडून मोठी आशा होती, पण एमडीएस या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत, २०२० साली, ते ठरवलेला निकष गाठू शकलं नाही. जे तिथे जमलेलं नाही ते कुपीत भरून तालुक्याच्या गावी मिळत असेल, यावर माझा विश्वास नाही.

बाटली, ब्लॉक, स्लाइड

या सगळ्या तपासण्यांची मदार एका मेणाच्या ठोकळ्यावर असते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. छोट्या गावात नमुन्याची बाटली लॅबपर्यंत बहुधा नातेवाईकच नेतात. ती हातात घेताना विचारा, ‘यात फॉर्मालिनच आहे ना?’ सलाइन किंवा पाण्यात राहिलेला तुकडा कुजू लागतो आणि आयएचसी बेभरवशाची होते. फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. बाटली उद्यावर टाकू नका आणि महिनाभर पडूही देऊ नका. हाडाचा नमुना असेल तर तो मऊ करायला वापरलेल्या तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो. जनुकीय तपासणी लागण्याची शक्यता आधी सांगितली तर लॅब सौम्य पद्धत वापरू शकते.

‘लॉस’ असा निकाल आला असेल तर आणखी एक विचारा : ‘इंटर्नल कंट्रोल’ चांगला होता का? गाठीशेजारच्या निरोगी पेशींनाही रंग आलेला नसेल तर प्रथिन गेलेलं नाही, तपासणीच फसली आहे. चाचणी पुन्हा करावी लागते. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का, तेही रिपोर्टवरच दिसतं.

कोल्हापूर, नांदेड, सावंतवाडीहून परळच्या टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात जाताना लोक रिपोर्टची फाइल घेतात आणि ब्लॉक विसरतात. मग तिथून परत फोन, कुरिअर आणि वाया गेलेले आठ-दहा दिवस. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही न्या, कारण नव्या चाचणीसाठी ब्लॉकमधूनच नवा काप काढावा लागतो. कापून ठेवलेल्या जुन्या स्लाइडवर रंग नीट येत नाही. देताना-घेताना ब्लॉकच्या क्रमांकासह पावती घ्या, आणि ब्लॉक एकापेक्षा जास्त असतील तर सगळे एकदम देऊ नका. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. खर्चाचा प्रश्न असेल तर रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा. कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणत्या संस्थेकडून मदत मिळते, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

ब्लॉक मागितल्यावर सहसा मिळतो. पण लॅब ते कायम जपून ठेवत नाहीत. तुमच्या घरात कोणाची शस्त्रक्रिया मागच्या काही वर्षांत झाली असेल आणि एमएमआर किंवा पी५३ तपासायचं राहिलं असेल, तर त्या लॅबला या आठवड्यात फोन करा आणि ब्लॉक अजून आहे का विचारा.